घराची चिकटवही: आधी पडद्यावर, मग कागदावर

२६ जुलै २००५च्या पुरात उल्हास नदीचं पाणी बदलापूरच्या वस्त्यांत शिरलं आणि वालधुनीने अंबरनाथ-उल्हासनगरच्या काठावरच्या घरांत चिखल आणून टाकला. फ्रिज, गाद्या, धान्य यांची भरपाई पुढे कधीतरी झाली. लग्नाचे अल्बम, शाळेचे वर्गफोटो, गावाकडून आलेली पत्रं यांची झाली नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, तेव्हाही नदीकाठच्या तळमजल्यांवर पाणी होतंच. पूर दर वर्षी येत नाही, पण दमट हवा दर पावसाळ्यात चार महिने मुक्कामाला असते. माळ्यावरच्या पिशवीत ठेवलेल्या फोटोंवर बुरशी धरायला तेवढं पुरतं.

म्हणूनच या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येक घराला माझं एकच सांगणं आहे. घरच्या आठवणींची चिकटवही आधी डिजिटल करा, आणि ती पुरी झाली की तिची एक छापील प्रत काढा. कागद की संगणक हा वाद घालत बसण्यापेक्षा हा क्रम पाळला, तर दोन्हींचे फायदे मिळतात. या लेखात सुरुवात कशी करायची, साधनं कोणती लागतात, कुठे जपायचं आणि कागदाचं स्थान नेमकं कुठे आहे, हे क्रमाने पाहू.

चिकटवहीत काय असतं?

शाळेत आपण सगळ्यांनीच चिकटवही केली आहे. स्टेशनरीच्या दुकानातून थोर नेत्यांचा, प्राण्यांचा नाहीतर फळांचा चार्ट आणायचा, चित्रं कापायची, चिकटवायची आणि खाली नाव लिहायचं. घरची चिकटवही त्याच जातीची, फक्त तिच्यात आपलीच माणसं असतात. फोटो, लग्नपत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण, पहिल्या पगाराची पावती, लोकलचा जुना पास, आजीच्या अक्षरातली मसाल्याची कृती, बाळाच्या हाताचा ठसा आणि या सगळ्याच्या शेजारी दोन-चार ओळींचा मजकूर. अल्बम आणि चिकटवही यांत फरक आहे तो या मजकुराचा.

हा छंद जुना आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने १८७३ साली आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे डिंक आणि कागद यांचा त्रास त्या काळातही लोकांना होताच. डिजिटल चिकटवहीत काम तेच राहतं, जागा बदलते. पान म्हणजे पडद्यावरचा कोरा चौकोन. फोटो स्कॅन करून त्यावर ठेवायचा, मजकूर टाइप करायचा, हवी ती नक्षी लावायची आणि पान फाइल म्हणून साठवायचं. मग ते छापा, पाठवा किंवा दहा वर्षांनी उघडून दुरुस्त करा.

कागद आणि पडदा: कोण कुठे सरस?

कागदाची पहिली ताकद स्पर्शाची. आजोबांनी शाईने लिहिलेलं पोस्टकार्ड, मुंजीतल्या उपरण्याचा तुकडा, वहीत दाबून ठेवलेलं फूल यांची प्रतिमा घेता येते, पण वस्तू ती वस्तूच. दुसरी ताकद अशी की कागदी वही उघडायला पासवर्ड लागत नाही, वीज लागत नाही. घरात पाहुणे आले की ती सहज हातात घेतली जाते आणि तीन पिढ्या एकाच वेळी तिच्यावर वाकतात. लहान मुलांना कापणं-चिकटवणं यातच खरा आनंद असतो. त्यांच्या हातून तो काढून घेऊ नये.

कागदाच्या अडचणीही तितक्याच खऱ्या. वही एकच असते. ती थोरल्याकडे राहिली की धाकट्याकडे नसते, आणि आज एक मूल बदलापुरात, एक पुण्यात, एक परदेशात अशी घरोघरची स्थिती आहे. चूक झाली की खाडाखोड दिसते. मूळ फोटो एकदा कापला की कापला. जाड वह्या ठेवायला जागा लागते आणि एक-दोन खोल्यांच्या घरात पहिली गदा माळ्यावरच्या गाठोड्यावरच येते. कसर, झुरळं आणि ओल यांचं भय कायम.

डिजिटल वहीत मूळ फोटोला कात्री लागत नाही. एकच फोटो दहा पानांवर वेगवेगळ्या आकारांत वापरता येतो. चुकलेलं नाव क्षणात दुरुस्त होतं. एक पान चार भावंडांना एकाच वेळी पाठवता येतं. सुरुवातीला नवा खर्च जवळजवळ नसतो, कारण फोन बहुतेकांच्या हातात आहे.

पण पडद्याला अमरपट्टा नाही. २००४ ते २०१४ या काळात आपल्याकडच्या तरुणांनी ऑर्कुट या समाजमाध्यमावर किती फोटो ठेवले आणि किती ‘स्क्रॅप’ लिहिले! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झालं आणि ज्यांनी आपलं सामान वेळेत उतरवून घेतलं नाही, त्यांचं गेलं. लग्नाच्या सीडी घरोघरी आहेत, त्या लावायला ड्राइव्ह नाही. गूगलने तर दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरण २०२३ पासून लागू केलं आहे. कागद दुर्लक्ष केलं तरी बरीच वर्षं तग धरतो. डिजिटल वस्तू मात्र कुणीतरी अधूनमधून हलवत, पाहत राहिली तरच टिकते.

निकाल असा की जे एकमेव आहे आणि हाताळावंसं वाटतं ते कागदावर ठेवा. ज्याच्या प्रती हव्यात, ज्यात दुरुस्ती होणार आहे, जे पुरात जाता कामा नये, ते डिजिटल करा.

विषय लहान घ्या

बहुतेकांचं काम इथेच अडतं. ‘आपल्या घराण्याचा सगळा इतिहास’ असा विषय घेतला की पिशवी उघडली जाते आणि महिनाभराने परत बांधली जाते. पहिल्या वहीसाठी दहा-बारा पानांत मावेल असा एकच विषय निवडा. आपल्या या तीन शहरांत विषयांना तोटा नाही.

अंबरनाथमध्ये विम्कोच्या काडेपेटी कारखान्यात किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीत घरातल्या कुणी नोकरी केली असेल, तर त्या नोकरीची एक वही होऊ शकते. ओळखपत्र, कॉलनीतल्या क्वार्टरचा फोटो, खात्यातल्या मंडळींचा गटफोटो, निवृत्तीच्या दिवशीचा हार, आणि ठेवल्या असतील तर काडेपेट्यांवरची चित्रं. विम्को नाका हे नाव आजही रिक्षावाल्याला सांगितलं जातं. त्या नावामागचा कारखाना आतून पाहिलेली माणसं मात्र कमी होत चालली आहेत.

उल्हासनगरचा विषय अधिक हळवा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. एक नंबर ते पाच नंबर कॅम्पांत आजही अशी घरं आहेत, जिथे फाळणीपूर्वीचे दोनच फोटो उरले आहेत. असा एक फोटोसुद्धा एका वहीला पुरतो. तो कुठे काढला, सोबत काय आणलं, पहिली बराक कोणती, पहिलं दुकान कशाचं, हे विचारत गेलं की पानं भरतात.

बदलापुरात दादर-गिरगाव-डोंबिवली सोडून आलेल्या कुटुंबांनी ‘चाळ ते फ्लॅट’ असा प्रवास मांडावा. मूळच्या आगरी घरांनी हळदीच्या आणि लग्नाच्या प्रसंगांची वही करावी, धवले म्हणजे लग्नगीतं गाणाऱ्या बायकांचे फोटो आणि आवाज त्यात घ्यावेत. बाळाचं पहिलं वर्ष, गल्लीतला गणपती, आजीच्या पंचवीस पाककृती, रोजची बदलापूर लोकल हेही उत्तम विषय आहेत.

प्रतिमा घेणं: घाई करू नका

विषय ठरला की त्यापुरतेच फोटो आणि कागद एका खोक्यात काढा. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. ओलं फडकं फोटोवर फिरवू नका.

स्कॅनर मिळत असेल तर तोच वापरा. घरी नसेल तर ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे किंवा स्टुडिओत जाऊन स्वतः उभं राहून करून घ्या. सांगायचे आकडे लक्षात ठेवा. पोस्टकार्डाएवढा किंवा त्याहून मोठा फोटो असेल आणि तेवढाच छापायचा असेल तर ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरतं. लहान फोटो दुप्पट मोठा करायचा असेल तर ६०० डीपीआय. पासपोर्ट आकाराचा एकुलता एक फोटो असेल तर १२०० डीपीआय घ्या, म्हणजे तो पाच इंचांपर्यंत सुखाने मोठा होतो. काळा-पांढरा फोटोही रंगीत स्कॅन करा, कारण त्याची तांबूस छटा आणि त्यावरचे डाग यांतून पुढे दुरुस्तीला मदत होते. महत्त्वाचे मोजके फोटो टिफ स्वरूपात ठेवा, बाकीच्यांना उत्तम दर्जाचं जेपीजी चालतं.

फोनने काढणार असाल तर खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी पांढऱ्या कार्डशीटवर फोटो ठेवा. ट्यूबलाइट आणि फ्लॅश बंद. फोन फोटोला अगदी समांतर धरा. गूगलचं फोटोस्कॅन हे मोफत ॲप एकच फोटो वेगवेगळ्या कोनांतून टिपतं आणि त्यांतून चकाकी काढून टाकतं. चकचकीत छापांसाठी ते उपयोगी पडतं.

काही गोष्टी हमखास राहून जातात. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाच्या तरी अक्षरातलं नाव तिथेच असतं. उल्हासनगरच्या घरांत तर हा मजकूर बहुधा अरबी वळणाच्या सिंधी लिपीत असतो आणि नातवंडांना तो वाचता येत नाही. घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून तो आजच वाचून घ्या आणि देवनागरीत उतरवा. वर्तमानपत्राचं कात्रण स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठीवरची छपाई उमटत नाही. निगेटिव्ह सापडल्या तर फेकू नका. फिकट पडलेल्या रंगीत छापापेक्षा त्यांतून चांगला फोटो निघतो.

मशीनमधून निघालेली गुळगुळीत कागदाची तिकिटं, दुकानांची बिलं, एटीएमच्या चिठ्ठ्या यांची छपाई उष्णतेने उमटते आणि काही वर्षांत उडून जाते. बाळाच्या जन्माच्या दिवसाची रुग्णालयाची पावती अशी असेल, तर तिची प्रतिमा आजच घ्या.

नावं, ठिकाणं, तारखा

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखाची गोष्ट इथे उपयोगी पडेल. त्यातला शकाचा आकडा डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचं दाखवलं, म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकाच्या वाचनात मंदिराचं वय दोनशे वर्षांनी बदललं. दगडात कोरलेल्या तारखेची ही कथा, तर फोटोखाली लिहिलेलं नुसतं ‘दिवाळी’ पन्नास वर्षांनी कुणाला काय सांगणार?

म्हणून प्रत्येक फोटोला पाच प्रश्न विचारा: कोण, कुठे, केव्हा, कशासाठी जमले होते आणि फोटो कुणी काढला? ‘आम्ही सगळे, मंदिरात’ असं लिहू नका. ‘महाशिवरात्र, १९८६. अंबरनाथचं शिवमंदिर. डावीकडून आजी, तिची धाकटी जाऊ आणि मोठी आत्या. फोटो काकांनी शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्याने काढला. त्या वर्षी आत्याची दहावी होती’ असं लिहा. नात्यांसोबत पूर्ण नावंही द्या, कारण तुमची आजी ही तुमच्या मुलांची पणजी असते. वर्ष नक्की ठाऊक नसेल तर ‘१९७५च्या सुमारास’ असं स्पष्ट लिहा. अंदाज हा अंदाज म्हणूनच नोंदवावा.

ही माहिती मिळवण्याची उत्तम रीत म्हणजे स्कॅन केलेला फोटो मोठा करून घरातल्या ज्येष्ठांसमोर धरणं. छोट्या छापात न दिसलेली कपाटावरचं घड्याळ, मागची पाटी, शेजारच्याची सायकल मोठ्या पडद्यावर दिसते आणि आठवणी उघडतात. बोलणं चालू असताना त्यांना विचारून फोनवर रेकॉर्डिंग करा. एका बैठकीत पाच-सहा फोटोंहून जास्त घेऊ नका, माणूस थकतो. नाव आठवलं नाही म्हणून टोकू नका, दोन दिवसांनी पुन्हा तोच फोटो दाखवा. गावाच्या जुन्या संदर्भांसाठी ग्रंथालयांची मदत घ्या. बदलापूरचं ग्रंथसखा वाचनालय जुन्या मराठी पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या संग्रहासाठी ओळखलं जातं.

फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग ठिकाण आणि प्रसंग घाला: ‘१९८६-०३-अंबरनाथ-महाशिवरात्र-०१’. सगळ्या फाइलींना हीच पद्धत लावली की त्या आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. फोटोच्या मागच्या बाजूच्या फाइलला तेच नाव देऊन शेवटी ‘मागे’ जोडा.

पान मांडणं

नवशिक्याने कॅनव्हापासून सुरुवात करावी. ते ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालतं, मोफत आवृत्तीत बरंच काम होतं. फक्त विकत घ्यावी लागणारी चित्रं खुणेने ओळखून टाळा. गूगल स्लाइड्समध्येही पानाचा आकार बदलून सुटसुटीत वही करता येते. हात बसल्यावर संगणकावर गिंप किंवा कृता ही मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहा, आणि पन्नासेक पानांचं पुस्तक करायचं असेल तर स्क्रायबस.

पानाचा आकार सुरुवातीलाच ठरवा, कारण नंतर बदलला की मांडणी विस्कटते. १२ बाय १२ इंच हा चिकटवहीचा जगभर रुळलेला आकार. छपाईसाठी तो ३६०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो. आपल्याकडे साध्या प्रिंटरवर निघणारा आणि फाइलमध्ये सहज बसणारा आकार म्हणजे ए-फोर, तो २४८० बाय ३५०८ पिक्सेल. पहिल्या वहीसाठी मी ए-फोरच सुचवेन.

या सॉफ्टवेअरमध्ये पान थरांनी बनतं. सर्वांत खाली पार्श्वभूमी, तिच्यावर फोटो, त्यावर मजकूर आणि नक्षी. एक थर हलवला तरी बाकीचे जागेवर राहतात, हीच मोठी सोय. मांडणीचे नियम थोडेच आहेत. एका पानावर एक मुख्य फोटो मोठा, सोबत दोन-तीन लहान. चारही बाजूंना निदान अर्धा इंच मोकळी जागा, बांधणीच्या बाजूला आणखी थोडी. पार्श्वभूमी फिकट. रंग फोटोतूनच उचला: आजीच्या लुगड्याचा हिरवा किंवा जुन्या फोटोची तांबूस छटा पानाच्या शीर्षकाला दिली की पान एकसंध दिसतं. फुलं, फिती, चांदण्या यांचा मारा टाळा. दहा वर्षांनी पाहणाऱ्याला चेहरे आणि शब्द हवे असतात.

नक्षीही घरचीच वापरता येईल. साडीचा काठ, दारातली रांगोळी, आजोबांच्या वहीचं पिवळं पान, मंदिराच्या भिंतीवरची नक्षी यांचे फोटो घेऊन पार्श्वभूमी करा. अंबरनाथचं मंदिर केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे लावलेल्या सूचना पाळूनच फोटो काढा. या मंदिराची नोंद ठेवण्याची परंपराही जुनी आहे. १८६८ साली मुंबई सरकारने माणसं पाठवून त्याची रेखाटनं करून घेतली आणि शिल्पांचे साचे घेतले. इंटरनेटवरचं दुसऱ्याचं छायाचित्र उचलू नका. विकिमीडिया कॉमन्सवरची चित्रं घेताना परवाना वाचा आणि छायाचित्रकाराचं नाव द्या.

मजकूर मराठीत लिहिताना युनिकोड फाँटच वापरा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेले मुक्ता आणि बालू हे मोफत आहेत. मुक्ता मजकुराला चांगला, बालू शीर्षकाला. ल आणि श यांची मराठी वळणं हवी असतील तर टिरो देवनागरी मराठी हा फाँट घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही. छापताना अक्षर निदान ११ पॉइंटचं ठेवा, ज्येष्ठांसाठी १४. आणि ज्यांच्या हाताचं अक्षर उपलब्ध आहे त्यांचं वाक्य टाइप न करता स्कॅन करूनच लावा.

जुने फोटो रंगीत किंवा ‘स्पष्ट’ करणारी ॲप सध्या लोकप्रिय आहेत. त्यांबाबत सावध राहा. पुसट चेहऱ्यावर ती नसलेले नाक-डोळे आणतात आणि साडीला मनचा रंग देतात. हौस म्हणून करायचंच तर खाली ‘रंग नंतर दिले आहेत’ असं लिहा आणि मूळ प्रतिमा वेगळी जपा.

जपणं आणि वाटणं

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. एवढा नियम पाळा. एक प्रत संगणकात किंवा फोनमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी ऑनलाइन किंवा वेगळ्या शहरातल्या नातेवाइकाकडच्या डिस्कवर. दोन्ही डिस्क बदलापुरातल्या एकाच तळमजल्यावर असतील तर त्यांना दोन म्हणू नये. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि मेल, फोटो, फाइली सगळं त्यातच धरलं जातं, हे लक्षात घ्या. पूर्ण झालेलं प्रत्येक पान पीडीएफ आणि जेपीजी अशा दोन्ही स्वरूपांत उतरवून ठेवा. एखादी सेवा बंद पडली तरी वही हातात राहते.

पानं पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला पासवर्ड कुठे आहेत हे सांगून ठेवा. तुमचं खातं काही काळ वापरलं गेलं नाही तर ते कुणाच्या हाती जावं, हे गूगलच्या सेटिंगमध्ये आधी नोंदवता येतं. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक यांच्या प्रतिमा वाटायच्या वहीत घालू नका. लहान मुलांचे आणि इतरांचे फोटो जाहीरपणे टाकण्याआधी विचारा.

छापील प्रत आणि मूळ कागद

वही पूर्ण झाल्यावर आधी एकच पान छापून पाहा. पडद्यावर उजळ दिसणारा फोटो कागदावर बहुधा काळपट येतो, तेवढा उजेड वाढवून मग सगळी पानं द्या. लग्नांचे करिझ्मा अल्बम करणाऱ्या फोटो लॅब तुमची पानंही छापून बांधून देतात. त्यांना पानाचा नेमका आकार आणि कडेने किती कागद कापला जाणार, हे आधी विचारा. साधी प्रत हवी असेल तर जाड मॅट कागदावर छापून स्पायरल बांधणी करा. चकाकी नसल्यामुळे ती वाचायलाही बरी पडते.

कागदावरच काम करायची आवड असेल तर जरूर करा, पण मूळ फोटोऐवजी त्यांच्या छापील प्रती चिकटवा. पानांसाठी कापसाच्या चिंध्यांपासून केलेला हातकागद उत्तम. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून या कामात आहे. चिकटपट्टी पिवळी पडून डाग सोडते, पिठाची खळ कसरीला बोलावते, पातळ फेविकॉलने पान सुरकुततं. त्यापेक्षा कागदी कोपरे लावा, म्हणजे फोटो हवा तेव्हा काढता येतो. चिकट पानांचे, वर प्लास्टिक ओढलेले जुने अल्बम घरात असतील तर त्यांतले फोटो जपून सोडवा. निघत नसतील तर ओढू नका, तसेच स्कॅन करा. जुन्या कागदपत्रांना आणि फोटोंना लॅमिनेशन कधीही करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक नंतर निघत नाही.

मूळ वस्तू कोरड्या डब्यात, जमिनीपासून उंच, बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळ्यानंतर बदला. आणि फोटो भिजलेच तर ते एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ पाण्यात ठेवून ओले असतानाच अलगद सुटे करा, चित्राची बाजू वर करून सुती कापडावर सावलीत वाळवा. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, मग सवडीने करा.

पहिला महिना असा घालवा

पहिल्या आठवड्यात विषय ठरवा आणि खोकं भरा. दुसऱ्या आठवड्यात स्कॅन करा, नावं द्या आणि लगेच दुसरी प्रत काढा. तिसऱ्या आठवड्यात ज्येष्ठांजवळ बसा. चौथ्या आठवड्यात फक्त तीन पानं मांडा आणि त्यांतलं एक छापून घरात सगळ्यांना दाखवा. पुढची पानं मग घरातली माणसंच मागून घेतील, आणि त्यांच्याकडून नवे फोटोही निघतील.

सॉफ्टवेअर कधीही शिकता येईल आणि मांडणी पुढच्या वर्षीही सुधारता येईल. पण फोटोत दुसऱ्या रांगेत उभी असलेली बाई कोण, हे सांगू शकणारी माणसं घरात एक-दोनच असतात, आणि त्यांचं वय झालेलं असतं. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की या रविवारी एकच फोटो घ्या, तो घरातल्या सर्वांत मोठ्या माणसासमोर ठेवा आणि ते सांगतील ते लिहून काढा. तुमच्या चिकटवहीचं पहिलं पान तिथूनच सुरू करा.